एक ‘व’ राहिला होता

संवर्धन विभागात लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. एका दफनातली लोखंडी तलवार टेबलावर आली. तलवार कसली, गंजाचा गठ्ठाच! पातं दोन ठिकाणी दुमडलेलं. मातीच्या भाराने झालं असणार, असं धरून मी नोंदवहीत लिहून मोकळा झालो: ‘पाते वाकलेली तलवार. सरळ करता येईल का, ते पाहावे.’

मॅडमनी वाचलं आणि भिंग पुढे केलं. "वळणावरचा गंज बघ आधी."

गंज वळणावरूनही सलग गेला होता, कुठेही तडा नाही. गंज ठिसूळ असतो. पातं नंतर वाकलं असतं, तर तिथे थर फुटलाच असता. म्हणजे वाकलं ते गंजण्याआधी. आणि मातीचा भार म्हणावा, तर तिच्याशेजारचं मडकं अख्खं निघालं होतं! मग घडीच्या बाहेरच्या अंगाला कापडाची वीण दिसली. लोखंडाच्या क्षारांनी धागे जिरवून घेतले होते, उभा-आडवा धागा मोजता येत होता. वीण घडीवरून पलीकडे जात होती. कुणीतरी तलवार आधी दुमडली, मग गुंडाळली. मी तासभर तिथून हललो नाही.

"रडमचं माहीत आहे ना?" मॅडम म्हणाल्या. इंग्लंडमधल्या नॉर्फकमध्ये 2002 साली नांगरताना सापडलेलं, सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं कांस्याचं अवजड पातं. तेही दुमडलेलं. शेतकऱ्याने कित्येक वर्षं ते दाराला अडणी म्हणून लावलं होतं. त्याच जातीचं ऑक्सबरोचं पातं 1988 मध्ये मिळालं, सत्तर सेंटीमीटर लांब, दोन किलोंहून जड. त्याला धार कधी लावलीच नव्हती, मूठ बसवायला रिव्हेटची भोकंही नव्हती. वापरायचं नाही, हे ठरवूनच घडवलेलं शस्त्र.

आमची तलवार मात्र धारेची होती. मालकासोबत तिलाही संपवली? की परत कुणी उचलू नये म्हणून? चोरांच्या भीतीचं कारण मला पटत नाही. चोराला लोखंड वाकडं असलं तरी चालतं. ‘विधी’ हा शब्द आम्ही अडलं की वापरतो, तोही लिहावासा वाटेना.

सरळ करायला गेलो असतो तर तुकडे झाले असते, ते वेगळंच. दुसरं वाक्य खोडलं. पहिल्यात ‘वाकलेली’मधल्या ‘क’ आणि ‘ले’च्या मध्ये बारीक अक्षरात एक ‘व’ घुसवला.