आमची वाटचाल : चिऱ्याचा सांधा किती खोल कोरायचा

मडगावात आम्ही मॉडेल रेल्वेचे लेआउट, म्हणजे रूळ आणि भोवतालचा परिसर यांची छोटी मांडणी, आणि त्यांवरची स्टेशनं, घरं बनवतो, बहुतेक एचओ स्केलमध्ये, म्हणजे 1:87. धंदा सुरू केला तेव्हा जितके बारकावे तितकं काम सरस, असंच धरून चाललो होतो. आता ऑर्डर घेताना पहिला प्रश्न असतो : बघणारा उभा कुठं राहणार?

चांगल्या नजरेलाही एक मीटरवरून साधारण 0.3 मिलिमीटरपेक्षा जवळच्या दोन रेघा वेगळ्या ओळखता येत नाहीत. 1:87 मध्ये तेवढं माप म्हणजे प्रत्यक्षातला एक इंच. त्याहून लहान वस्तू मीटरभरावरून ठळक दिसत असेल तर ती मापापेक्षा मोठी झाली, असं आम्ही समजतो.

चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, भिंतीवर हे नीट उमगलं. चिरा साधारण 35 सेंटीमीटर लांब आणि 18 उंच धरला तर मॉडेलमध्ये तो 4 बाय 2 मिलिमीटरचा होतो. मधला सांधा सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटरचा, म्हणजे जेमतेम 0.13 मिलिमीटर. लेझरनं कोरलेली रेघच त्याच्या दुपटीहून जाड येते. वर पांढरा रंग भरला की घर खेळण्यातलं दिसू लागतं. आता 1 मिलिमीटरच्या स्टायरीनवर (प्लास्टिकच्या पत्र्यावर) सुईनं हलका ओरखडा काढतो, सांधा रंगवत नाही. दहा-बारा चिऱ्यांमागे एखादा काळपट, एखादा पिवळट ठेवला की भिंत उठून दिसते.

वाचलेला वेळ लांबून दिसणाऱ्या खुणांना देतो. गिलावा केलेल्या भिंतीच्या तळाशी पावसाच्या शिंतोड्यांचा लाल पट्टा, उंची 4-5 मिलिमीटर. पन्हळीखाली काळ्या ओघळी : एक भाग काळा-हिरवा अ‍ॅक्रिलिक, दहा भाग पाणी, ब्रश वरून खाली एकदाच. दुसऱ्यांदा फिरवला तर खालचा ओला थर उचलला जाऊन डाग पडतो. मंगलोरी कौलांच्या ओळी मात्र कधीच टाळत नाही. एक कौल 4-5 मिलिमीटरचं असतं, ओळ चुकली की गोव्याचा माणूस लगेच बोट ठेवतो.

माती इथलीच, वाळवून मलमलीतून गाळलेली. तिच्यातले लोहाचे काही कण लोहचुंबकाला चिकटतात आणि इंजिनाच्या मोटरीत ओढले गेले की मोटर अडखळते. म्हणून माती कागदावर पसरून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला लोहचुंबक तिच्यावरून दोन-तीनदा फिरवतो. खडी चिकटवायला एक भाग फेव्हिकॉल, दोन ते तीन भाग पाणी आणि भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब. साबण नसला की पाण्याचे थेंब खडीवरच राहतात, आत मुरत नाहीत. गाडीचा रूळ बदलणाऱ्या हलत्या पात्यांजवळ हे मिश्रण ड्रॉपरनं नव्हे, काडीनं लावायचं.

रुळांत तडजोड करावीच लागते. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधले 1676 मिलिमीटर म्हणजे मॉडेलमध्ये 19.3, आणि एचओचा रूळ मिळतो 16.5 चा. बाजूनं बघताना हा फरक जाणवत नाही, समोरून जाणवतो. म्हणून बघणाऱ्याच्या अंगावर सरळ येणारी लाइन आम्ही शक्यतो आखत नाही. जुन्या मीटरगेज मुरगावचा लेआउट हवा असेल तर 12 मिलिमीटरचा रूळ जवळजवळ अचूक बसतो.

डब्यांखालच्या बारकाव्यांत आम्ही हात आखडता घेतो. 27 सेंटीमीटरचा एलएचबी (नव्या पद्धतीचा लांब प्रवासी) डबा 45 सेंटीमीटर त्रिज्येच्या वळणावर घातला की बोगी (डब्याखालचा चाकांचा गाडा) पायरीला किंवा पाइपला अडते आणि डबा घसरतो. वळण 80 सेंटीमीटरचं असेल तरच खालचं सगळं बसवतो. एरवी हवेचे पाइप फक्त शेवटच्या डब्याच्या बाहेरच्या टोकाला.

दूधसागर धबधबा 310 मीटरचा, मापात साडेतीन मीटर. एवढं उंच छत घरात सहसा नसतं. रेल्वेचा पूल मापात करतो, धबधबा कापतो, मागची झाडं आणखी लहान, 1:160 ची लावतो, म्हणजे डोंगर दूर वाटतो.

एकाच घरावर जीव ओतला की शेजारची घरं उघडी पडतात, म्हणून पुढच्या 30 सेंटीमीटरच्या पट्ट्यात सगळी घरं एका पातळीवर आणल्याशिवाय कशावरही जास्त हात चालवत नाही. शेवटी बघणाऱ्याच्या जागेवर उभं राहून मोबाइलवर फोटो घेतो, झूम न करता. त्यात जे हरवतं ते पुढच्या कामाच्या यादीतून खोडतो.