सातबारा कोकणात, सही अमेरिकेत: ऑनलाइन नोटरी कुठवर चालते?

कोकणातल्या सामायिक जमिनीचा सातबारा उघडला की नावांची रांग लागते. दोघं मुंबईत, आत्या मडगावला, एक भाऊ बेळगावात, एक दुबईत आणि एक न्यू जर्सीत. कलमांची बाग वाटून घ्यायची असो की बहिणीला हक्कसोड करून द्यायचं असो, सह्या सगळ्यांच्या लागतात. अशा वेळी न्यू जर्सीहून हमखास विचारणा होते: इथे नोटरी व्हिडिओ कॉलवर होते, घरबसल्या काम होतं, तीच करून पाठवू का?

कागद अमेरिकेतच वापरायचा असेल तर खुशाल करा. कुडाळ, राजापूर किंवा दापोलीच्या दुय्यम निबंधकापुढे जाणारं मुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने सही-व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद, असेल तर करू नका. याची कारणं नीट समजून घ्यायला हवीत, कारण चुकीचा कागद इथे पोचून परत गेला की अख्खा व्यवहार लटकतो.

अमेरिकेत ऑनलाइन नोटरीचा कायदा सर्वात आधी व्हर्जिनियाने केला. तो जुलै 2012 पासून लागू आहे. टेक्सास 2018 मध्ये आलं, फ्लोरिडा 2020 मध्ये, आणि आता बहुतेक राज्यांत ही सोय आहे. पीडीएफ चढवायची, ओळखपत्राचे फोटो द्यायचे, मग तुमच्या पत इतिहासातून, म्हणजे कर्ज आणि क्रेडिट कार्डाच्या नोंदींतून, काढलेले प्रश्न येतात. बहुतेक ठिकाणी पाच प्रश्न, दोन मिनिटं आणि किमान चार उत्तरं बरोबर. त्यानंतर नोटरी व्हिडिओवर येतो, त्याच्यासमोर पडद्यावर सही होते, तो डिजिटल शिक्का लावतो आणि संपूर्ण भेटीचं चित्रण साठवलं जातं. फ्लोरिडात ते दहा वर्षं जपावं लागतं. नुकतेच अमेरिकेत गेलेले आणि पत इतिहास नसलेले लोक त्या प्रश्नांवरच अडकतात. त्यांच्याबद्दल विचारण्याजोगी माहितीच यंत्रणेकडे नसते. अशांनी सरळ जवळच्या बँकेतल्या किंवा टपाल दुकानातल्या नोटरीकडे जावं.

नोटरी स्वतः आपल्या राज्याच्या हद्दीत बसलेला असावा लागतो. सही करणारा मात्र दुसऱ्या राज्यात, बऱ्याच राज्यांच्या कायद्यानुसार तर दुसऱ्या देशातही चालतो. त्यामुळे मे महिन्यात रत्नागिरीला घरी आलेल्या जोडप्याला टेक्सासमधलं घर विकायचं असेल तर कागद इथून होऊ शकतात. देशाबाहेरून सही करताना कागद अमेरिकेतल्या मालमत्तेशी, न्यायालयाशी किंवा सरकारी कार्यालयाशी संबंधित असावा, अशी अट बऱ्याच राज्यांत आहे. घर खरेदी करणाऱ्याच्या टायटल कंपनीची (घराची मालकी तपासणारी कंपनी) लेखी संमती आधी घ्या. ओटीपी अमेरिकेच्या नंबरावर येतो, तेव्हा ते सिम रोमिंगवर चालू हवं. उन्हाळ्यात टेक्सास आपल्या साडेदहा तास मागे असतं. म्हणजे तिथल्या सकाळच्या नऊच्या वेळेला इथे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. त्याच सुमाराला वळवाचा पाऊस आला की वीज जाते, म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घ्या आणि मोबाइलचं नेट हाताशी ठेवा. मध्येच संपर्क तुटला तर बहुतेक वेळा ओळखीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.

आता इकडे येणारा कागद. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 इलेक्ट्रॉनिक सहीला मान्यता देतो, पण त्याच्या पहिल्या अनुसूचीत काही दस्त वगळलेले आहेत आणि मुखत्यारपत्र त्यांतलंच एक. 2022 मध्ये दुरुस्ती झाली, पण ती रिझर्व्ह बँक, सेबी, विमा नियामक अशांच्या देखरेखीखालच्या संस्थांना दिलेल्या मुखत्यारपत्रापुरती. भावाने भावाला दिलेलं मुखत्यारपत्र आजही कागदावर, शाईनेच व्हायला हवं. ऑनलाइन नोटरीत मूळ दस्त ही डिजिटल फाइल असते. तुम्ही कुरियरने पाठवता ती तिची छापील प्रत. तिच्यावर ना शाईची सही, ना अंगठा, ना उठावाचा शिक्का. दुय्यम निबंधक "मूळ दाखवा" म्हणाला की दाखवायला काही नसतं. वर अपोस्टिल, म्हणजे परदेशात वापरायच्या कागदाला सरकारकडून मिळणारा दाखला, लावलेलं असलं तरी हा दोष जात नाही, कारण अपोस्टिल फक्त नोटरीची सही आणि शिक्का खरा असल्याचं सांगतो. आतला मजकूर भारतात वैध आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही.

नोंदणी कायदा, 1908 चं कलम 33 इथे मुख्य आहे. मुखत्याराने दस्त नोंदणीला सादर करायचा, तर मुखत्यारपत्र देणारा भारताबाहेर राहत असल्यास ते नोटरी पब्लिक, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा भारतीय वाणिज्य दूतावासासमोर करून प्रमाणित झालेलं हवं. म्हणून न्यू जर्सीच्या भावाने करायचं ते असं: मजकूर इथल्या वकिलाकडून मागवून छापावा, प्रत्येक पानावर सही करावी, शेवटच्या पानावर फोटो आणि डाव्या अंगठ्याचा ठसा, दोन साक्षीदार, आणि प्रत्यक्ष समोर बसलेला नोटरी. मग अपोस्टिल. अपोस्टिल नोटरीची नेमणूक ज्या राज्याची, त्याच राज्याकडून मिळतं, सही करणारा कुठे राहतो याने फरक पडत नाही. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये ऑफिसजवळच्या नोटरीकडे सही केली तर आधी काउंटी क्लार्ककडून (तिथल्या जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडून) नोटरीची सही प्रमाणित करून घ्यावी लागते, मग राज्याचं अपोस्टिल. ती पायरी राहिली की पाकीट परत. काही कार्यालयांत अपोस्टिलऐवजी दूतावासाचं साक्षांकन मागतात, तेव्हा सही करण्याआधी ज्या कार्यालयात दस्त होणार तिथेच विचारून ठेवा. दुबईच्या भावाने मात्र सरळ भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकन करून घ्यावं. रत्नागिरी, खेड, दापोलीकडचे आखातातले लोक वर्षानुवर्षं हेच करत आले आहेत आणि इथल्या कार्यालयांना तो कागद ओळखीचा आहे.

मजकुरात सर्वात जास्त घोळ नावांचा. सातबारावर "गणपत बाबाजी" एवढंच आणि पासपोर्टवर आडनावासह पूर्ण नाव. बहिणींची तर माहेरची नावं एकीकडे आणि सासरची दुसरीकडे. पहिल्याच ओळीत पासपोर्टप्रमाणे नाव, पुढे "उर्फ" घालून सातबाराप्रमाणे नाव आणि पासपोर्ट क्रमांक लिहा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर राजपत्र किंवा विवाह दाखला सोबत जोडा. मिळकतीचं वर्णन आठवणीने लिहू नका. महाभूमीवरून डिजिटल सहीचा सातबारा काढा आणि गावाचं नाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, हेक्टर-आरमधलं क्षेत्र आणि आकार (शेतसारा) जसाच्या तसा उतरवा. आमच्याकडे एकाच सर्व्हे नंबराचे डझनभर हिस्से असतात. 42/3 च्या जागी 42/13 पडला तर तो कागद दुसऱ्याच्या जमिनीचा होतो.

अधिकार हवे तेवढेच द्या. "सर्व प्रकारचे अधिकार" म्हणून विक्रीही त्यात घातली, तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद 48 प्रमाणे मोबदल्याशिवाय दिलेल्या विक्रीच्या अधिकाराला आई-वडील, भाऊ-बहीण, नवरा-बायको, मुलगी, नातवंडं अशा जवळच्या नात्यात 500 रुपये मुद्रांक आहे. इतरांना दिला तर खरेदीखताइतका. चुलतभाऊ त्या जवळच्या नात्यात धरला जाईल यावर भिस्त ठेवू नका. फेरफाराची नोंद, मोजणी आणि हक्कसोड एवढंच काम असेल तर विक्री हा शब्दच नको.

कागद महाराष्ट्रात आल्यावर घड्याळ सुरू होतं. राज्याबाहेर केलेल्या दस्ताला तो इथे पहिल्यांदा पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक लावून घ्यावा लागतो. सिंधुदुर्गात त्यासाठी ओरोसला मुद्रांक जिल्हाधिकाऱ्याकडे जायचं. पोचल्याची तारीख सिद्ध करायला कुरियरचं पाकीट लागतं, तारखेच्या चिकटपट्टीसकट. घरात पाकीट फाडून केरात टाकतात आणि मग कागदावरच्या सहीची तारीख धरली जाते. उशीर झाला तर थकलेल्या मुद्रांकावर महिन्याला 2 टक्के दंड आहे.

मडगावची आत्या आणि बेळगावचा भाऊ यांचं गणित वेगळं. लोक त्यांना "तिथल्या वकिलाकडे नोटरी करून पाठव" म्हणतात. नोंदणीला दस्त सादर करण्यासाठी तेवढं पुरत नाही. भारतात राहणाऱ्याचं मुखत्यारपत्र तो जिथे राहतो तिथल्या दुय्यम निबंधकासमोर करून प्रमाणित व्हायला हवं. आत्याने मडगावला, भावाने बेळगावला. राज्याची वेस ओलांडून आलेल्या त्या कागदालाही मुद्रांकाचा नियम लागू आहे, गोवा-कर्नाटकात कमी भरला असेल तर फरक इथे भरायचा. बेळगावचा दस्त कन्नडमध्ये झाला तर मराठी भाषांतर आणि खरी प्रत जोडावी लागते, म्हणून तो मराठीत किंवा इंग्रजीत करता येईल का ते आधीच विचारून घ्या.

आत्या अंथरुणाला खिळलेली असेल तर तिला उचलून नेण्याची गरज नाही. आजारपणामुळे जाणं धोक्याचं असल्यास कार्यालयात हजर राहण्यातून कलम 33 सूट देतं. डॉक्टरांचा दाखला जोडून मडगावच्या कार्यालयात गृहभेटीचा अर्ज करावा. अधिकारी घरी येतो, आत्याला मजकूर समजला आहे ना ते विचारतो आणि तिच्यासमोरच सही किंवा अंगठा घेतो. हे काम पुढे ढकलू नका. मुखत्यारपत्र देणाऱ्याचा मृत्यू झाला की ते सामान्यतः त्याच क्षणी संपतं, आणि मग आत्याच्या जागी तिच्या सगळ्या वारसांची नावं सातबारावर चढवून प्रत्येकाची सही नव्याने गोळा करावी लागते.