नकाशा, जग – 1 नग

आमच्या राज्यशास्त्र विभागात भिंतीवर जगाचा एक नकाशा आहे. मेणकापडाचा, खालची दांडी तुटलेली. त्यावर सोविएत संघ अजून अखंड आहे. डेड स्टॉक रजिस्टरात त्याची नोंद ‘नकाशा, जग – 1 नग’ अशी. निर्लेखनाची यादी करताना दरवर्षी क्लार्क विचारतो, दरवर्षी मी म्हणतो, राहू द्या.

राहू दिला त्याचा फायदा 2022 च्या फेब्रुवारीत झाला. 24 तारखेला रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं. दुसऱ्या दिवशी वर्गात बारा पोरं. पटावर साठ, पण लातुरात बी.ए.च्या वर्गात बारा म्हणजे गर्दीच म्हणायची. बाकीचे एक तर भरतीच्या मैदानावर, नाहीतर अभ्यासिकेत. एक जण नकाशापाशी गेला, कीव्ह शोधलं आणि म्हणाला, “सर, इथं तर समदा एकच रंग हाय की.” पुतीन यांच्या डोक्यात काय आहे, हे सांगायला मी तीन तासिकांची टाचणं काढली होती. ती तशीच राहिली.

पुढं मेसमध्ये तेल महागलं तेव्हा ते युद्ध लातुरातही पोचलं. आपल्याकडं येणारं सूर्यफुलाचं तेल त्या काळी बहुतेक तिकडूनच यायचं. ज्या जिल्ह्यात आमच्या लहानपणी बांधापलीकडं सूर्यफूल आणि करडई उभी असायची, तिथं मी हे शिकवत होतो. असो, तो विषय कृषीवाल्यांचा.

युद्ध म्हटलं की आम्हा मास्तरांना कारणं आठवतात, पोरांना दुसरंच काही. मे 2025 मध्ये ऑपरेशन सिंदूर झालं, तेव्हा आमच्याकडं परीक्षा चालू होत्या. पर्यवेक्षण संपवून बाहेर आलो तर पहाटे नांदेड रोडला धावणारा एक विद्यार्थी थांबलेला. छाती, उंची सगळं मापात, वय मात्र सरत चाललेलं. “सर, लढाई लागली तर अग्निवीरच्या जागा वाढतेत का हो?” टीव्हीवर दोन दिवस ज्या आवाजात चर्चा चालली होती, त्यापुढं हा आवाज फारच हळू होता. मला उत्तर देता आलं नाही. चहा घेऊ म्हणालो.

मला वर्गात सगळ्यात जास्त रमायला होतं ते युद्धाच्या नावांत. हल्ली युद्ध कुणी करतच नाही. रशियानं केली ती ‘विशेष लष्करी कारवाई’, आणि तिला युद्ध म्हणणाऱ्यांवर तिथं खटले भरले गेले. 1950 साली कोरियात अमेरिकी फौजा उतरल्या, तेव्हा ट्रूमन यांनी ‘पोलीस ॲक्शन’ हा शब्द मान्य केला. हा शब्द आला की मी थांबतो. कारण मराठवाड्यातली पोरं लगेच मान वर करतात. आपल्या घरातला शब्द कोरियात काय करतोय?

मग 1948. भारतानं निजामाचं हैदराबाद संस्थान ताब्यात घेतलं, तिचंही नाव ‘पोलीस ॲक्शन’. 13 सप्टेंबरला सोलापूरकडून जनरल चौधरींचे रणगाडे नळदुर्गाच्या वाटेनं आत आले, 17 ला निजामानं शरणागती पत्करली. पाच दिवस. “सर, पोलीस कुठले होते ह्याच्यात?” हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि येतो म्हणून मला बरं वाटतं. पोलीस नव्हतेच. युद्ध दोन देशांत होतं, पोलीस आपल्याच घरात येतात. हैदराबादची तक्रार सुरक्षा परिषदेपुढं गेलेली असताना हा फरक फार कामाचा होता.

माझी आजी ‘ॲक्शन’ एवढंच म्हणायची. रझाकारांच्या भीतीनं रातोरात बार्शीला पळालेली बाई. गाडीच्या चाकाला चिंध्या कशा बांधल्या, इथपासून सांगायची. गोष्ट संपायची ती 17 सप्टेंबरला, लष्कराच्या गाड्यांवर फुलं टाकून. पुढं काय झालं म्हणून विचारलं की ज्वारी निवडायला घ्यायची. पुढं काय झालं ते मला नोकरी लागल्यावर, ॲक्शननंतर मुसलमानांवर झालेल्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीविषयी वाचताना कळलं. तोवर आजी नव्हती.

गेल्या वर्षी आजीची ही गोष्ट मी वर्गात सांगितली, फुलांपर्यंतच. आपणही तिथंच थांबलो, हे थांबल्यावर लक्षात आलं. मागच्या बाकावर कधी न बोलणारी एक मुलगी बसते. ओढणी सावरत म्हणाली, “सर, आमची नानी तिथून पुढं सांगायला लागते.”

तास संपल्याची घंटा झाली. कुणी उठलं नाही, मीही पुढं काही विचारलं नाही.

आठवड्यानं अंतर्गत मूल्यमापनाचे गृहपाठ जमा झाले. ‘युद्धाची कारणे’ या विषयावर अकरा जणांनी एकाच गाइडमधून एकच उत्तर उतरवलं होतं, चुकांसकट. तिचा गठ्ठ्यात तळाशी होता. वहीची चार पानं, निळ्या शाईत. वर विषयाच्या रकान्यात तिनं फक्त गावाचं नाव लिहिलं होतं.