जवळून ओळखत होतो
"दादा, हे कोण?"

काल सोलापूरच्या पूर्व भागात काकांच्या शोकसभेत एक वक्ते माइकवर म्हणाले, "मी त्यांना अगदी जवळून ओळखत होतो." तेव्हा काकांच्या मुलीनं शेजारून मला हळूच हे विचारलं.

काकांनी उभा जन्म यंत्रमागावर चादरी विणल्या. खडखडाटानं डावा कान गेला होता, म्हणून बोलताना ते उजवा कान पुढे करायचे. जवळून ओळखणाऱ्याला हे माहीत असायला हवं ना?

वक्ते खोटं बोलले असंही नाही. कुठल्या लग्नात भेटले असतील. चेहरा आठवला तरी आपण 'ओळखतो' म्हणतो आणि मन कळलं तरी 'ओळखतो'च. सभेतल्या लोकांनी कुठला अर्थ घ्यायचा?

सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. अख्खं सोलापूर त्यांना 'आपले कोटणीस' म्हणतं. ते मला कधीच खटकलं नाही, कारण त्यात भेटल्याचा दावा नाही, फक्त माया आहे.

माझी पाळी आली तेव्हा मी 'ओळखत होतो' म्हणालोच नाही. त्या कानाचं तेवढं सांगितलं.

तेव्हा ती पहिल्यांदा रडली.