शिकाऊ सुताराला पहिलं काम कोणतं द्यावं?

धार लावणं, फळ्या तासणं, झाडलोट. नव्या मुलाच्या वाट्याला आधी हेच येतं. त्याने शिस्त लागते म्हणतात, पण ते अर्धंच खरं. याच कामांतून चालढकलही हातात मुरते. स्वतः केलेली चूक त्याला स्वतःला भोवते, की दुसराच कुणी गुपचूप निस्तरतो, यावर सगळं ठरतं.

धारेचंच घ्या. पटाशीची पाठ आधी, धारेलगतचे दोनेक सेंटिमीटर तरी, अगदी सपाट व्हायला हवी. मग २५ अंशांचा उतार आणि टोकाशी ३० अंशांची बारीक पट्टी. १००० नंबरच्या दगडावर पूर्ण रुंदीभर बर, म्हणजे धारेच्या पाठीला वळलेली पोलादाची बारीक किनार, उठली की मगच ६००० चा, जास्त बारीक दगड. नवख्याची बर मध्येच उठते, कोपऱ्यांत नाही. तरी तो पुढे जातो. दगड मध्ये खोलगट झाला असेल तर उलटं होतं: कोपरे जास्त झिजतात आणि धार फुगीर येते. तपासायचं ते मऊ लाकडाच्या कापलेल्या टोकावर. काप चकचकीत आला तर धार आहे, तंतू उपटून पांढरट दिसला तर नाही. कठीण लाकूड बोथटपणा झाकतं. आणि तीच पटाशी त्याच दिवशी त्यालाच खाच साफ करायला द्यावी. दुसऱ्याच्या हातात गेली तर धार कशी लागली हे त्याला कधीच कळणार नाही.

फळी तासण्याचा क्रमही असाच भिनतो: आधी एक तोंड सपाट, मग त्याला काटकोनात एक कड, मग जाडी, मग रुंदी. फळीच्या दोन टोकांवर दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एका डोळ्याने पाहिलं की पीळ दिसतो. उंच असलेले, तिरके समोरासमोरचे दोन कोपरे आधी रंध्याने उतरवायचे. हे टाळून फळी थेट जाडीच्या मशीनमध्ये घातली तर रूळ तिला दाबून सपाट करतात आणि बाहेर पडताच पीळ परत येतो. दिसायला गुळगुळीत, म्हणून जास्त घातक. काटकोन एका अंशाने चुकला तर ६०० मिलिमीटरवर सुमारे साडेदहा मिलिमीटरचा फरक पडतो. फळ्या ज्याने तासल्या त्यालाच चौकट जोडायला लावली, तर गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावायची आठवण पुन्हा करावी लागत नाही.

झाडण्यात शिकण्यासारखं फार नाही. छिलक्यात स्क्रू राहिला तर रंध्याचं पातं जातं, एवढं पुरे. मात्र जवसाच्या तेलाच्या चिंध्या गोळा करून टाकू देऊ नयेत. त्या आपोआप तापून पेट घेतात. उलगडून वाळवाव्यात, किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात पाण्यात बुडवाव्यात.

सगळ्यांत वाईट पहिलं काम म्हणजे फटी बुजवणं. भुसा आणि फेव्हिकॉल कालवून फट भरायला जो आधी शिकतो, तो पुढे सांधा सैल कापायला घाबरत नाही. त्यापेक्षा त्याला मोडक्या खुर्च्या उकलायला द्याव्यात. सैल सांध्यात पांढऱ्या गोंदाचा जाड, तडकलेला थर सापडतो. हा गोंद दोन घट्ट भिडलेले पृष्ठभाग धरतो, मधली पोकळी भरून काढत नाही. जुना गोंद पूर्ण खरवडल्याशिवाय नवा धरत नाही, तेव्हा ते खरवडणंही त्याच्याकडेच द्यावं.