खानावळीची बादली आणि मामाजींचं टाकं

आमच्या खानावळीतून रोज चाळीस डबे जातात. सकाळी अकरापर्यंत दोन बादल्या भरतात. कांद्याची टरफलं, कोबीची वरची पानं, मेथीच्या काड्या, दुधीची सालं, चहाचा चोथा, उन्हाळ्यात आंब्याच्या कोयी. वजन केलं तर आठ-नऊ किलो. हे सगळं कचऱ्याच्या गाडीत टाकताना जीव तुटायचा, कारण शेत इथून चार किलोमीटरवर आणि तिथे आम्ही विकतच्या खताची पोती नेत होतो.

म्हणून पहिल्या वर्षी मी बादली सरळ वांग्याच्या बुडाशी रिकामी केली. आळं उकरलं, कचरा ओतला, वर माती ओढली. त्यात शिळा भात होता, रस्सा होता, म्हणजे तेल-मीठही होतं. चौथ्या दिवशी कुत्र्यांनी आळी उकरली, पाठोपाठ रानडुकरं आली. वाचलेल्या झाडांची पानं पिवळी पडत गेली. ओला कचरा मुळाशीच कुजायला लागला की तिथली हवा संपते, उष्णता होते, मुळं गुदमरतात. माझी तीस झाडं गेली.

मामाजी (आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात) रागावले नाहीत. गोठ्यामागे घेऊन गेले आणि पऱ्हाट्या (कापसाच्या वाळलेल्या काड्या) रचून ठेवलेलं एक जुनं विटांचं टाकं दाखवलं. "याले रिकामं कर," एवढंच म्हणाले.

ते नाडेपचं टाकं. आमच्याच यवतमाळ जिल्ह्यातले, पुसदचे नारायण पांढरीपांडे, ज्यांना सगळे नाडेपकाका म्हणत, त्यांची ही पद्धत. आतून 10 फूट लांब, 6 फूट रुंद, 3 फूट उंच. भिंत 9 इंची, आणि हवा खेळावी म्हणून विटांमध्ये भोकं सोडलेली. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते शेणाचं गणित. टाकंभर खताला साधारण 1,400 ते 1,500 किलो काडीकचरा लागतो, जवळपास तेवढीच किंवा थोडी जास्त चाळलेली कोरडी माती, आणि शेण फक्त 90 ते 100 किलो. आमच्याकडे दोनच गाई आहेत.

अडचण एकच होती. टाकं एक-दोन दिवसांत भरून लिंपून टाकायचं असतं आणि बादली तर रोजची. म्हणून शेतात भोकं पाडलेले दोन ड्रम ठेवले. एक बादली ओलं टाकलं की वर दोन बादल्या सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) आणि दोन मुठी कोरडी माती. वास आला की समजायचं, कुटार कमी पडलं. शिळी पोळी गाईंना जाते, रस्सा कशातच जात नाही.

कार्तिकात टाकं भरलं. अर्धा फूट काडीकचरा, त्यातच ड्रममधलं अर्धवट कुजलेलं, वर शेणाचं पाणी, वर माती, पुन्हा तेच. पऱ्हाट्या मामाजींनी कुऱ्हाडीने बोटभर तुकडे करून घातल्या, अख्ख्या घातल्या तर वर्षभर तशाच राहतात. शेवटी शेणामातीने लिंपलं. भेग दिसली की लिंपायची आणि भोकांतून पाणी शिंपडायचं, एवढंच काम. गावात अजूनही लोक पऱ्हाट्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, पेटवतात. तो धूर दिसला की मला वाटतं, कुणाचं तरी टाकंभर खत जळतंय.

फाल्गुनात उघडलं. मूठ भरून दाबली तर गोळा झाला, बोट लावलं तर फुटला, तळहात ओला झाला नाही. कांद्याचं एक टरफल सापडलं नाही. चाळणीवर राहिलं ते कोयी, अंड्याच्या कवचाचे तुकडे, आणि दुधाच्या पिशव्यांचे कापलेले कोपरे. ते कोपरे मी मोजले, त्रेसष्ट. आता पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, तसाच लटकता ठेवायचा, असं स्वयंपाकघरातल्या दोघींना सांगितलंय.

अर्ध्या एकरातल्या वांग्याला आणि सांबाराला (आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) ते खत घातलं. आमची काळी जमीन उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. यंदा त्या वाफ्यांत भेगा बारीक राहिल्या आणि पाणी चौथ्याऐवजी सहाव्या दिवशी दिलं तरी चाललं.

टाक्याच्या भिंतीतल्या एका भोकातून टमाट्याचं रोप बाहेर आलंय. पुढच्या भरणीला ते काढावं लागेल. मामाजी रोज संध्याकाळी त्याला तांब्याभर पाणी घालतात, म्हणून मी अजून काढलेलं नाही.