याच्यात नेट नाही न?

"याच्यात नेट नाही न? मंग घे बाप्पा."

रामटेकच्या गडमंदिराच्या पायऱ्यांवर शिंगाडे विकणारी मावशी असं म्हणाली आणि मी पाहतच राहिलो, कारण जरा आधी एका पोराने मोबाईल वर केला तर हिने पदर ओढून तोंड फिरवलं होतं.

माझ्या हातात फ्लिप अल्ट्रा नावाचा जुना, छोटा व्हिडिओ कॅमेरा होता. 2007 चं मॉडेल, दोन पेन्सिल सेल, 640 बाय 480 चा व्हिडिओ, रेकॉर्डिंगला मधोमध एक लाल बटण, बस्स. दाबलं की सुरू, परत दाबलं की बंद. 2011 मध्ये सिस्को कंपनीने फ्लिपचा धंदाच गुंडाळला. अंधारात याला काही दिसत नाही, चालता चालता घेतलं तर पाहणाऱ्याला भोवळ येते हे पण खरं.

पण मावशी बोलली न भाऊ! उकडलेला शिंगाडा सोलून बोटं कशी काळी पडतात ते कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं, मधेच वांदराला दोन शिव्या घातल्या, मग म्हणते, "माहा चेहरा कोन्या गावात फिरते, मले काय माहीत?"

म्हणजे लाजत नव्हती ती. व्हिडिओ जाणार कुठं, एवढंच तिला पाहिजे होतं. आपण नागपूरकर फुटाळ्यापासून पेंचपर्यंत दिसेल त्याच्यावर मोबाईल रोखतो आणि संध्याकाळी स्टोरी टाकून मोकळे. तुमच्यापैकी कोणी विचारता का हो, टाकण्याआधी?